सायकलला पिकअपची धडक, मालक म्हणतो ‘केस करू नका’: भरपाईचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरले भाऊ, वय ३४, लातूरच्या मार्केट यार्डात हमाली करतात. संध्याकाळी सायकलवरून गावाकडे परतताना औसा रस्त्यावर पिकअपने मागून धडक दिली. डाव्या पायाची नडगी मोडली, गुडघ्यालाही मार लागला, खासगी दवाखान्यात रॉड टाकावा लागला. पिकअपचा मालक ओळखीतला. ‘दवाखान्याचं मी बघतो, केस करू नका,’ असं म्हणून त्याने निम्मं बिल भरलं आणि आता तो फोन उचलत नाही. तीन आठवडे झाले, पोलिसांत काहीच नोंद नाही, सायकलला लाइटही नव्हता. आता उशीर झाला का, आणि मिळून मिळून काय मिळेल?

उशीर झालेला नाही. पण इथून पुढे एक दिवसही वाया घालवू नका. लातूर-धाराशिवकडची अपघाताची प्रकरणं मी बरीच वर्षं चालवतो आहे. गरीब माणसाचा दावा कायद्यात कमी पडला असं क्वचितच दिसतं. तो पहिल्या महिन्यातल्या कागदांत कमी पडतो, आणि तो महिना बहुतेक वेळा ‘केस करू नका’ या शब्दावर विसंबण्यात गेलेला असतो.

आधी एक गोष्ट घरात सगळ्यांना पटवून द्या. मालकाने देऊ केले होते ते दवाखान्याच्या बिलाचे पैसे. तुमच्या भावाचं नुकसान बिलाएवढं नाही. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या माणसाचा गुडघा पुरता वाकला नाही, तर पुढची पंचवीस वर्षं त्याची मजुरी कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे आणि कायदा त्याचीही भरपाई देतो. ते पैसे पिकअपवाल्याच्या खिशातून जायचे नाहीत, विमा कंपनी देते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे त्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा विमा, सक्तीचा आहे, आणि सायकलवाला हा त्यातला तृतीय पक्षच. त्यामुळे ‘ओळखीच्या माणसाला कशाला बुडवायचं’ हा संकोच सोडा. मालकाला भीती असते ती ड्रायव्हरवरच्या गुन्ह्याची आणि गाडी ठाण्यात अडकण्याची. ती त्याची अडचण आहे, भावाच्या पायाहून मोठी नाही.

उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे फिर्याद. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे भावाने, किंवा ते अंथरुणावर असतील तर तुम्ही, फिर्याद द्यायची. बेदरकार वाहन चालवणे आणि त्यातून गंभीर दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५. तीन आठवडे का गेले ते फिर्यादीत सरळ लिहा: आम्ही ऑपरेशनच्या धावपळीत होतो आणि मालकाने खर्च देतो असं सांगितलं होतं. ही खरी कारणं आहेत, ती लपवण्यासारखं काही नाही. भरपाईच्या प्रकरणात केवळ फिर्याद उशिरा दिली म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात स्पष्ट केलं आहे. मात्र उशीर जितका वाढेल तितका ‘ही गाडी मागाहून घुसडली’ हा विमा कंपनीचा आरोप जड होत जातो. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तीच तक्रार लेखी स्वरूपात रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिथेही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आता ज्या कागदावर माझ्या मते तुमच्या प्रकरणाचं निम्मं भवितव्य आहे, त्याबद्दल. दवाखान्याच्या केसपेपरवर दाखल करून घेताना रुग्णाची हकीकत लिहितात, एकदोन ओळींची. तिथे ‘पिकअपने धडक दिल्याने’ असं आहे, की ‘सायकलवरून पडून’ असं आहे? मालक सोबत असताना ही ओळ अनेकदा ‘पडून’ अशी लिहिली जाते, कारण मग एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होत नाही. घरचे लोक त्या वेळी रक्त, एक्स-रे, पैसे यात असतात, त्यांना पत्ताही लागत नाही. दोन-तीन वर्षांनी जेव्हा साक्ष होते तेव्हा कंपनीचे वकील पहिला प्रश्न या ओळीवर विचारतात. म्हणून आजच केसपेपरची आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत मागा, आणि मिळाली की ती ओळ वाचा. चुकीची असेल तर स्वतः खाडाखोड करू नका, डॉक्टरांकडूनही मागच्या तारखेने काही लिहून घेऊ नका; असं काही उघडं पडलं की खरी गोष्टही कोणी मानत नाही. त्याऐवजी दुसरा पुरावा उभा करा. १०८ ची रुग्णवाहिका आली होती का? तिच्या नोंदीत अपघाताची वेळ, जागा आणि प्रकार असतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात नेलं होतं का? तिथल्या रजिस्टरमध्ये काय आहे? उचलून गाडीत घालणारे दोघे-तिघे कोण होते, त्यांचे जबाब पोलिसांना घ्यायला लावा. मालकाने फोनवरून दवाखान्यात पैसे भरले असतील तर ती नोंदही बोलकी आहे. ज्याच्या गाडीचा संबंध नाही तो माणूस परक्याचं बिल का भरेल?

सायकल कुठे आहे? दुरुस्तीला टाकली असेल तर आजच परत आणा, भंगारात तर अजिबात देऊ नका. मागचं चाक आत दबलंय, मडगार्ड चेपलंय, कॅरिअर वाकलंय, पुढचा भाग मात्र शाबूत आहे, असं असेल तर धडक मागून बसली हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. चहूबाजूंनी फोटो काढा आणि पोलिसांना तिचा पंचनामा करायला सांगा. रस्त्यालगतचा पेट्रोल पंप, ढाबा, खताचं दुकान, जिथे कॅमेरा असेल तिथे लगेच जा. ही चित्रणं काही दिवसांत आपोआप पुसली जातात, कदाचित पुसलीही गेली असतील, पण विचारल्याशिवाय राहू नका. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं.

लाइट नव्हता म्हणून तुम्ही घाबरला आहात. कंपनी हा मुद्दा नक्की काढेल, त्याला योगदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि तो सिद्ध झाला तर रकमेतून तेवढा हिस्सा कापला जातो. पण नुसती उणीव दाखवून भागत नाही, त्या उणिवेमुळेच अपघात घडला हे कंपनीला दाखवावं लागतं. मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येणार नाही, त्याचा अपघाताशी संबंध हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक यांच्या प्रकरणात म्हटलं. तोच तर्क इथे लागतो. अंधार पडला होता की उजेड होता, सायकल साइडपट्टीवर होती की डांबरावर, पिकअपचे हेडलाइट चालू होते का, याची उत्तरं घटनास्थळ पंचनाम्यात आणि नकाशात येतात. म्हणून पंचनामा करताना तुमचा माणूस तिथे हजर असू द्या. हेल्मेट नव्हतं हा मुद्दा कोणी काढला तर सांगा, ती सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. आणि लाइट होता असं खोटं कुणाकडूनही वदवून घेऊ नका.

मुदतीबद्दल नीट ऐका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये, म्हणजे भरपाईच्या दाव्याच्या कलमात, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका, सहा महिन्यांच्या आतच दावा टाका. आपल्याकडे लोक ‘आधी अपंगत्वाचा दाखला मिळू द्या, मग बघू’ म्हणून थांबतात. हाड जुळून पाय किती काम देतो हे ठरायला सहा महिने सहज लागतात, तोवर मुदत संपते. दाखला नंतर जोडता येतो, दावा आधी टाकता येतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवायचा असतो. तो पाठवला का याची चौकशी करत राहा, पण त्यावर विसंबून स्वतःचा दावा थांबवू नका. दावा अपघात झाला त्या जिल्ह्यात, तुम्ही राहता तिथे, किंवा गाडीमालक राहतो तिथल्या न्यायाधिकरणात टाकता येतो. तुमच्यासाठी लातूरच सोयीचं.

आता पैशाचा हिशेब. भावाची मिळकत महिना १५,००० धरू. चाळिशीच्या आतल्या स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या माणसाच्या मिळकतीत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरवलं. म्हणजे २१,००० महिना, वर्षाचे २,५२,०००. वय ३४ असल्याने सरला वर्मा (२००९) या निकालातल्या तक्त्यानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या मिळकतीला वयानुसार गुणायचा आकडा, १६. गुणाकार ४०,३२,०००. इथून पुढे खरी लढाई. सरकारी दाखल्यावर समजा पायाचं अपंगत्व २५ टक्के आलं. कंपनी म्हणेल, ४०,३२,००० चे २५ टक्के, म्हणजे १०,०८,०००. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाने सांगितलं आहे की डॉक्टरचा टक्का हा शरीराचा टक्का आहे, कमाई किती गेली ते माणसाच्या धंद्यावरून ठरवायचं. टेबलावर बसून काम करणाऱ्याला त्याच पायाने फारसा फरक पडणार नाही, हमालाचा धंदाच जाऊ शकतो. न्यायाधिकरणाने कमाईची हानी ५० टक्के धरली तर तीच रक्कम २०,१६,००० होते. दहा लाखांचा फरक एका मुद्द्यावर. म्हणून साक्षीच्या वेळी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना बोलावणं फार महत्त्वाचं आहे. गुडघा किती अंश वाकतो, उकिडवं बसता येतं का, वजन घेऊन चढता येतं का, हे त्यांच्या तोंडून यायला हवं. टोळीच्या मुकादमालाही साक्षीला आणा. पोतं किती किलोचं असतं, दिवसात किती पोती उचलतात, अपघातानंतर भाऊ टोळीत का नाहीत, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.

मिळकतीचा पुरावा म्हणून माथाडी मंडळात नाव असेल तर तिथला उतारा सर्वांत भक्कम. नसेल तर आडत्याच्या हमालीच्या पट्ट्या, टोळीची वही, बँकेचं पासबुक, ई-श्रम कार्ड. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज धरतं, आणि तो अंदाज बहुधा खऱ्या कमाईपेक्षा कमी निघतो.

या मोठ्या रकमेशिवाय उपचाराचा खर्च, रॉड काढायच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च, कामावर न गेलेल्या महिन्यांची मजुरी, वेदनांची भरपाई, जाण्यायेण्याचं भाडं, खाणंपिणं हे सगळं वेगळं मागायचं. वहिनी रोजगार बुडवून शुश्रूषा करत असतील तर तेही मागा. बायकोने केलं म्हणून ते फुकट धरायचं नसतं. मूळ बिलं कुणाकडे आहेत? मालकाने पैसे भरताना पावत्याही नेल्या असतील, तर दवाखान्यातून शिक्क्यानिशी दुसरी प्रत घ्या. मेडिकलची पातळ कागदावरची बिलं सहा महिन्यांत कोरी होतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा आणि प्रत्येक बिलामागे डॉक्टरची चिठ्ठी लावा. मालकाने भरलेली रक्कम लपवू नका. जेवढी त्याने दिली तेवढी सांगून उरलेली मागा. आणि कोणी बैठक बसवून स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून मागितलं तर सही करू नका.

एक सापळा सांगून ठेवतो. कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. रक्कम लवकर हाती येते म्हणून मोह होतो. पण ती एकदा स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. ज्याची चूक सिद्ध होणं अवघड आहे आणि इजा थोडी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. तुमच्या भावाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनी आणखी एक हरकत घेईल, ड्रायव्हरकडे मालवाहू गाडीचं लायसन्स नव्हतं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलं आहे. लायसन्सच नसलं तरी बहुतेक वेळा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होतो.

इतरांची परिस्थिती वेगळी असू शकते, त्यांच्यासाठी थोडं. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात हिट अँड रन योजनेचा अर्ज करा. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण आपल्याकडे कित्येकांना ती मिळते हेच माहीत नसतं. एसटीने धडक दिली तर दावा महामंडळावर करायचा. ऊसतोडीच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात आणि सायकलवाले अंधारात त्यांच्यावर आदळतात. तिथे ‘तूच आदळलास’ हे ऐकून गप्प बसू नका, उभ्या गाडीचीही चूक धरली जाते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर आणि दोन्हींचा विमा तपासा. गाडीला विमाच नसेल, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती ठाण्यातून सोडू नये यासाठी लगेच अर्ज द्या. गाडी सुटली की वसुली अवघड होते.

मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आपल्या खेड्यांतल्या किती मुली शाळेला जातात. त्यांच्या बाबतीत ‘कमावत नव्हती, मग नुकसान काय’ असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) मध्ये बारा वर्षांच्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने कुशल कामगाराचं किमान वेतन धरून आणि आयुष्यभराच्या सेवेकऱ्यांचा खर्च मोजून भरपाई दिली आहे.

भावाच्या तब्येतीबद्दल डॉक्टरच सांगतील, मी फक्त साक्षीतून पुन्हा पुन्हा ऐकलेलं सांगतो. गुडघा आखडतो तो पहिल्या काही महिन्यांत व्यायाम न केल्याने. घरी बसवून ठेवणं ही माया नाही, फिजिओथेरपी चुकवू नका. तंबाखू आणि विडीने हाड जुळायला उशीर होतो. तपासणीच्या तारखा चुकवल्या तर पायाचं नुकसान होतंच, शिवाय ‘याने स्वतःच हेळसांड केली’ असं म्हणायला कंपनीला वाव मिळतो. अपघातात डोक्याला मार लागला असेल आणि आताही डोकं सतत दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा विसर पडत असेल, तर लगेच दाखवा. पुढच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. नव्याने अपघात झालेल्यांनी लक्षात ठेवावं की मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नोंदणीकृत दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार विनाशुल्क आहेत.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात का ते पासबुकात पाहा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. भावाच्या नावावर सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेबद्दल तालुका कृषी कार्यालयात विचारा. या योजना हात, पाय किंवा डोळा कायमचा निकामी झाला किंवा मृत्यू झाला तरच लागू होतात. साध्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही, म्हणून त्यावर फार आशा ठेवू नका.

वकील निवडताना टक्क्यावर फी ठरवू नका. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांच्या आचारसंहितेत बंदी आहे, तरी दवाखान्याच्या दारात उभे राहणारे एजंट हेच बोलतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, पात्र माणसाला तिथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत कंपनीचा प्रस्ताव आला तर नाकारायची घाई करू नका. वर मांडलेला गुणाकार सोबत ठेवून रक्कम ताडून पाहा आणि लवकर मिळण्याची किंमत म्हणून थोडं सोडायचं की नाही ते भावाला ठरवू द्या. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अपील करता येतं.

निकालाची रक्कम व्याजासह येते आणि ती भावाच्याच नावावरच्या बँक खात्यात जायला हवी. खातं आत्ताच उघडून ठेवा, दुसऱ्या कुणाला त्यावर सहीचा अधिकार देऊ नका, कोऱ्या चेकवर सही तर नाहीच. काही भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होतो. मुलांचं शिक्षण, रॉड काढायचं ऑपरेशन, किराणा दुकानासारखा बसून करायचा धंदा, अशा कारणांसाठी तो मुदतीआधी हवा असेल तर न्यायाधिकरणाकडे कारण आणि कागद जोडून अर्ज करता येतो.